मागं राहिलेल्याला एक दिवस जास्त

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. आप्पा, तुम्हाला वाकून नमस्कार.

मला बोलायची सवय आहे. शाळेत शिकवते मी. वर्गात मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवते. पण आज माइक हातात घेतला आणि पहिलं वाक्यच सापडेना. बेळगावहून निपाणीला येताना बसमध्ये मी मनातल्या मनात भाषण पाठ केलं होतं. इथं आले, आक्कांचा हार घातलेला फोटो बघितला, आणि फळा पुसल्यासारखं झालं. तेव्हा पाठ केलेलं राहू दे. घडलं तसं सांगते. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं नाव विद्या. मी बेळगावजवळच्या कंग्राळीची. हायस्कूलला विज्ञान शिकवते. सुनंदाआक्कांची मी नातेवाईक नाही. त्यांच्या लॅबमध्ये कामाला नव्हते. मी पेशंट होते. आणि माझ्यासारखे पेशंट या हॉलमध्ये आणखी बसलेले आहेत, हे मला दिसतंय. त्यांना मी नावानं हाक मारणार नाही. घाबरू नका.

हे असं सभेत उभं राहून सांगायचं नसतं, व्हय की न्हाय? आपल्याकडं टेस्ट ट्यूब म्हटलं की लोक आवाज बारीक करतात. मीही केला होता. पण आक्कांच्या वडिलांचा, आप्पांचा फोन आला. म्हणाले, "बाळ, डाक्टर लोक बोलतील. त्यांचं मला कळणार न्हाय. तू ये आणि मला कळंल असं बोल." मग मी माझ्या मुलीला विचारलं. सई तिचं नाव, चौथीत आहे, तिथं तिच्या आजीशेजारी बसली आहे. मी विचारलं, "तुझं सांगू का गं सगळ्यांना?" ती म्हणाली, "सांग की. त्यात काय?"

तर आप्पा, तुम्हाला कळेल असं सांगते.

सुनंदाआक्का काय करायच्या? ज्यांना मूल होत नाही, त्यांच्यातल्या पुरुषाचे शुक्राणू आणि बाईचं बीज शरीराबाहेर काचेच्या बशीत एकत्र आणायचं, त्यातून गर्भ तयार झाला की पाच-सहा दिवस उबेत सांभाळायचा, आणि मग तो डॉक्टरांच्या हवाली करायचा. डॉक्टर तो आईच्या पोटात ठेवतात. पेढे डॉक्टरांना मिळतात. ते बरोबरच आहे, डॉक्टर समोर असतात. आक्का दाराआड असायच्या. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. मी पहिल्यांदा बघितले ते फक्त त्यांचे डोळे.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. माझ्या शरीरात बीजं कमी, असं निदान झालं होतं. डॉक्टर चांगले होते, पण घाईत असायचे. त्यांनी सांगितलं, "आत आमच्या एम्ब्रिऑलॉजिस्ट आहेत, त्या तुम्हाला पुढचं समजावतील." मी, आमचे हे महादेव, आणि सासूबाई, तिघं जाऊन बसलो. आक्का बाहेर आल्या, मास्क काढला, आणि आधी सासूबाईंना म्हणाल्या, "मावशी, चहा घेतलाय न्हवं?"

मग त्यांनी कागदावर गोल काढले. एक गोल. त्याचे दोन. दोनाचे चार. चाराचे आठ. मी हे वर्गात शिकवलेलं होतं. पण त्यांनी पुढं जे सांगितलं, ते मी कधीच शिकवलं नव्हतं. मला ते शब्द अजून तसेच्या तसे आठवतात.

म्हणाल्या, "टीचर, पहिले दोन दिवस गर्भ स्वतःचं काही करत नाही. आईच्या बीजात शिदोरी भरून ठेवलेली असते, तिच्यावर चालतो. तिसऱ्या दिवसाच्या आसपास शिदोरी संपत येते. तेव्हा त्याला स्वतःची चूल पेटवावी लागते. त्याचे स्वतःचे जीन्स तेव्हा जागे होतात आणि कामाला लागतात. ज्यांची चूल पेटत नाही, ते तिथंच थांबतात. त्यात तुमची चूक नसते, यांची नसते, माझीही नसते."

असं सांगून त्या आत गेल्या. आणि आमच्या सासूबाई माझ्या कानाशी आल्या. "काय गं, मगाधरनं जीन्स जीन्स काय चाललंय त्यांचं? त्यांनी तर साडी नेसलिया."

हसा हो. आक्कांना मी हे नंतर सांगितलं तेव्हा त्या टेबलाला धरून हसल्या होत्या. पुढं सासूबाई आल्या की त्याच म्हणायच्या, "मावशी, बघा, आज पण साडीच हाय."

त्याच दिवशी सासूबाईंनी आणखी एक विचारलं होतं. मुलगा की मुलगी, ते त्या काचेतून दिसतं का? आक्कांचा चेहरा एका क्षणात बदलला. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "मावशी, तो प्रश्न या दाराच्या बाहेर ठेवायचा. आत फक्त बाळ." सासूबाईंनी तो प्रश्न बाहेर ठेवला. परत आणला नाही. आज त्या समोर बसल्यात, त्यांना विचारा.

आता मुख्य गोष्टीकडं येते.

माझी बीजं काढायच्या आधी आक्कांनी आम्हा दोघांना एक विनंती केली. म्हणाल्या, "बीजाच्या भोवती छोट्या पेशींचं आवरण असतं. ते आम्ही काढतो आणि धुऊन टाकतो. मी एक अभ्यास करतेय. त्या टाकायच्या पेशी मला द्याल का? त्या पेशींतले कुठले जीन्स किती काम करत होते ते मोजायचंय. बीजाला हात लागणार नाही. माझा अंदाज असा, की त्यावरून पुढं कुठला गर्भ तग धरेल ते कळेल. अंदाज हां. खरं असेल असं नाही."

महादेवांनी विचारलं, "आणि आमचा काय फायदा?"

"काही नाही," आक्का म्हणाल्या. "तुमच्यानंतर येणाऱ्यांचा होईल कदाचित."

आम्ही दिल्या. कुणी इतकं सरळ 'काही नाही' म्हटलं की नाही म्हणवत नाही.

बीजं थोडीच मिळाली. त्यातली काही फळली. तिसऱ्या दिवशी आक्कांचा फोन आला. बहुतेक तिथंच थांबले होते. चूल पेटली नव्हती. दोन पुढं सरकले होते. एक झकास होता. दुसऱ्याबद्दल त्या म्हणाल्या, "हा मागं आहे."

मी म्हटलं, "म्हणजे खराब?"

"खराब म्हणू नका, टीचर. मागं आहे म्हणा. वर्गात मागं राहिलेल्या पोराला तुम्ही खराब म्हणता काय?"

गर्भाची प्रत कशी ठरवतात ते मी तेव्हा शिकले. सूक्ष्मदर्शकातून बघतात. पेशी किती झाल्या, सारख्या आकाराच्या आहेत का, तुटके तुकडे किती, पाचव्या दिवशी गर्भ पाण्याच्या फुग्यासारखा नीट भरलाय का. आमच्यातला पहिला पाचव्या दिवशी छान भरला. डॉक्टरांनी तो माझ्या पोटात ठेवला. दुसरा पाचव्या दिवशीही मागंच होता. नियमानं तिथं त्याचा विषय संपायला हरकत नव्हती.

आक्कांनी तो आणखी एक दिवस ठेवला.

सहाव्या दिवशी मी घरी पडून होते. फोन वाजला. "टीचर, तुमचा तो मागचा उठलाय. भरलाय. फार सुंदर नाही. प्रत कमीच द्यावी लागली मला. पण उठलाय. गोठवून ठेवू का?" मी म्हटलं, ठेवा. मला खरं तर त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. माझ्या पोटात झकासवाला होता ना!

झकासवाला राहिला नाही.

ते दिवस मी सांगत नाही. इथं बसलेल्या काही जणींना सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही. एवढंच सांगते, सासूबाईंनी मला एक शब्द विचारला नाही. रोज सकाळी माझी वेणी घालायच्या. मी नोकरी करणारी बाई, माझी वेणी मी घालत होते. पण त्या दिवसांत त्या येऊन मागं बसायच्या आणि घालायच्या.

काही महिने गेले. डॉक्टरांकडं परत गेलो. डॉक्टर म्हणाले, "जो गोठवलाय तो कमी प्रतीचा आहे. माझं मत विचाराल तर त्याच्यावर वेळ घालवू नका. पुन्हा सुरुवातीपासून करूया, नवीन बीजं घेऊया." डॉक्टर वाईट बोलत नव्हते. त्यांच्या अनुभवातून बोलत होते. पण पुन्हा सुरुवातीपासून म्हणजे पुन्हा ती सगळी इंजेक्शनं, पुन्हा ते बीज काढणं, आणि माझ्यात बीजं किती उरली होती कुणास ठाऊक. माझ्याच्यानं ते आणखी एकदा होणार नव्हतं. मला ते आतून कळत होतं.

म्हणून मी आक्कांकडं गेले. एकटीच. त्या डबा खात होत्या. मला बघून डबा झाकला.

मी म्हटलं, "आक्का, त्या पेशी दिल्या होत्या ना मी? तुमचा अभ्यास कुठवर आला?"

"मोजणी झालीय," त्या म्हणाल्या.

"मग मला सांगा. माझ्या त्या मागच्या बीजाच्या पेशींनी काय सांगितलं? वरून तो कमी प्रतीचा दिसतो. पण तुमचे जीन्स काय म्हणतात?"

त्यांनी डबा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "टीचर, तुम्ही बोर्डाचे पेपर तपासता. नंबर झाकलेला असतो न्हवं?"

"व्हय."

"माझे नमुनेही तसेच झाकलेले आहेत. कुठला कुणाचा, ते सगळा निकाल लागल्यावरच उघडायचं असं ठरलंय. तुमचा मला आजही माहीत नाही. उघडायचं म्हटलं तर आत्ता पाच मिनिटांत उघडेन. कुणाला कळणारही नाही."

मी हात जोडले. खरंच जोडले. म्हटलं, "मग उघडा ना, आक्का. माझ्यासाठी."

त्यांनी माझे जोडलेले हात धरले आणि खाली ठेवले. म्हणाल्या, "उघडणार नाही. का ते ऐका. ही पद्धत खरी आहे की खोटी, तेच अजून मला माहीत नाही. तुम्हाला मी एक आकडा सांगेन, आणि तुम्ही तो देवाचा शब्द असल्यासारखा घेऊन जाल. तो चुकीचा असला तर? मला जे माहीत नाही, ते माहीत आहे असं मी तुम्हाला दाखवणार नाही."

मला राग आला. आज त्यांच्या फोटोसमोर सांगते, लई राग आला. मी म्हटलं, "मग तुम्हाला माहीत तरी काय आहे?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "माहीत आहे ते सांगते. असा उशिरा भरलेला, कमी प्रतीचा गर्भ बहुतेक वेळा राहत नाही. कधी कधी राहतो. आत्ता तो जिवंत आहे. याच्यापुढं मला माहीत नाही."

"तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"तुमच्या जागी मी नाही. तुम्ही दमलाय, मी दमलेली नाही. तुमचं शरीर आहे. तुम्ही दोघं ठरवा. जे ठरवाल, ते मी जीव लावून करेन."

मी खाली आले. दवाखान्याबाहेर झाडाखाली सिमेंटचं बाकडं होतं. महादेव तिथं येऊन थांबले होते. शेतातून थेट आले होते, पायाला माती तशीच. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. विचारलं, "दमलीस का?"

"दमले."

"मग घरला जाऊया. नको आता काही. आपण दोघं हाय की."

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. मी उठलेही. दोन पावलं टाकली. आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो, पण ते वर एकटं हाय की."

आमचे हे कधी रडत नाहीत. वडील गेले तेव्हाही रडले नव्हते. त्या बाकड्यावर बसून, रस्त्यावरची माणसं बघत असताना, ढसाढसा रडले. आणि मग उठून म्हणाले, "चल वर."

आम्ही वर गेलो. आक्का दारातच उभ्या होत्या. आम्ही येणार हे त्यांना माहीत होतं का? विचारायचं राहून गेलं.

तो गोठवलेला गर्भ त्यांनी बाहेर काढला, तेव्हा मला पडद्यावर दाखवला. राखाडी रंगाचा, एका बाजूला जरा चेपलेला. त्या म्हणाल्या, "बघा, श्वास घेतल्यासारखा फुगतोय." मी बघितलं. मला तो अजिबात कमी प्रतीचा वाटला नाही. कुठल्या आईला वाटेल?

तो राहिला. तो, म्हणजे ती. आजीशेजारी बसलीय ती.

सई दोन महिन्यांची असताना आक्का आमच्या घरी आल्या. आमच्या गल्लीत तोपर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं की माझ्या मैत्रीण आहेत, निपाणीकडच्या. सासूबाईंचा आनंद गगनात मावेना. सकाळपासून खपत होत्या. आणि त्यांनी काय केलं होतं? रताळ्याच्या घाऱ्या, बटाट्याची भाजी, गाजराचा हलवा. सगळं आमच्या शेतातलं, ताजं. आक्का पाटावर बसल्या, ताटाकडं बघितलं, आणि माझ्याकडं बघितलं. आप्पा, तुमची लेक जैन घरातली, कंदमूळ खात नाही, हे माझ्या ध्यानात होतं आणि मी सासूबाईंना सांगायचं विसरले होते! आक्कांनी नुसती चपाती लोणच्याशी खाल्ली. वर म्हणाल्या, "मावशी, लोणचं लई झकास." जाताना सासूबाईंनी त्यांना पोतंभर रताळी दिली. ती त्यांनी स्कूटरवर पुढं ठेवून नेली आणि लॅबमधल्या सगळ्यांना वाटली. पुढच्या वर्षी सासूबाईंना कळलं, तेव्हापासून आमच्या शेतातले वाटाणे निघाले की पहिली पिशवी आक्कांना जायची. यंदाही भरून ठेवली होती.

पण त्यांच्या अभ्यासाचं काय झालं, ते त्या खेपेला निघालं नाही. ते सांगायला त्या पुन्हा आल्या, सई चालायला लागल्यावर. मी शाळेतून नुकतीच आले होते. आक्का अंगणात बसल्या होत्या आणि सई त्यांच्या चपला उचलून पळत होती.

"टीचर," त्या म्हणाल्या, "अभ्यास पूर्ण झाला. नंबर उघडले. एक गंमत सांगू?"

त्यांचे डोळे असे चमकत होते की मला वाटलं, त्यांचा अंदाज खरा ठरला. मी म्हटलं, "सांगा की."

"माझ्या डोळ्यांनी हिला कमी प्रत दिली होती. आणि हिच्या बीजाच्या पेशींतल्या जीन्सनी काय सांगितलं असेल? त्यांनी पण नाहीच म्हटलं होतं. स्पष्ट नाही. माझ्या सगळ्या नमुन्यांत शेवटच्या शेवटच्यांत होता हा नमुना. आणि ही बघा, माझ्या चपला घेऊन पळतेय."

त्या हसत होत्या. मला हसता येईना. मी पायरीवर बसले.

त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी मी उघडलं असतं, तर मी तुम्हाला नको म्हटलं असतं. आणि तुम्ही ऐकलं असतं."

लोकहो, मला सांगा, किती माणसं असं येऊन सांगतील? स्वतःची वर्षानुवर्षांची मेहनत, आणि ती एका ठिकाणी सपशेल चुकली, हे सांगायला बेळगावातून कंग्राळीला स्कूटर हाकत यायचं! आणि तेही आनंदानं! अभ्यास लिहिताना सोबतच्या एकांनी सुचवलं होतं, हा एक नमुना वगळला तर निकाल छान दिसेल. आक्कांनी वगळला नाही. उलट पुढं कुठंही बोलायला उभ्या राहिल्या, की आधी तोच सांगायच्या. नाव न घेता. "माझ्या डोळ्यानं नाही म्हटलं, माझ्या यंत्रानं नाही म्हटलं, आणि ती पोरगी आता सायकल चालवतेय." त्यांची पद्धत पुष्कळ ठिकाणी बरोबरही आली होती. ते त्या नंतर सांगायच्या.

मी विचारलं होतं, "वाईट नाही वाटलं?"

"वाईट कशाचं? अजून शिकण्यासारखं आहे म्हणजे. सगळं कळलं असतं तर उद्या कामाला कशाला जायचं?"

आता एक गोष्ट, जी मला आप्पांकडून कळली. आम्ही सईला घेऊन इकडं गावी आलो होतो. आक्का आत कुणाशी तरी कन्नडमधून फोनवर बोलत होत्या. आप्पा ओसरीवर होते. मी सहज म्हटलं, आक्कांनी तो सहावा दिवस ठेवला नसता तर ही नसती. आप्पा म्हणाले, "ते माझ्यामुळं हाय." मला वाटलं थट्टा करतायत.

नव्हती थट्टा. सांगू ना, आप्पा?

आक्का नवीन नोकरीला लागल्या तेव्हा आप्पा लॅब बघायला गेले होते. लेक काय काम करते ते बघायला. आक्कांनी त्यांना गर्भाची चित्रं दाखवली. आप्पा पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून बघून चालणारा माणूस. त्यांनी विचारलं, "जे वाढत न्हाय, त्याचं काय करतीस?"

"ठेवून उपयोग नसतो, आप्पा. टाकावं लागतंय."

"ते वाढायचं थांबलंय, का नुसतं हळू चाललंय, हे तुला कसं कळतंय?"

आक्का म्हणाल्या, "लगीच न्हाय कळत."

आप्पा म्हणाले, "मग कळोस्तवर थांब की गं."

एवढंच. त्या दिवसापासून आक्का पाचव्या दिवशी मागं राहिलेल्यांना एक दिवस जास्त द्यायच्या. तेव्हा त्यांच्या लॅबमध्ये तशी पद्धत नव्हती. काम वाढायचं. रविवारी यावं लागायचं. त्या यायच्या. पुढं सगळ्यांनीच तसं करायला सुरुवात केली, आता तो नेहमीचा भाग झालाय. पण आमच्या वेळी तो एका लेकीनं बापाला दिलेला शब्द होता. बरेचसे त्या जादा दिवसातही उठायचे नाहीत. सहाव्या दिवशी त्या नीट बघायच्या, पुन्हा बघायच्या, आणि मग हात जोडून निरोप द्यायच्या. हे मला त्यांच्या लॅबमधल्या मुलीनं सांगितलं. आक्का स्वतः कधी बोलल्या नाहीत.

आजार कळल्यावर आक्का निपाणीकडं आपल्या घरी आल्या. मी शेवटची भेटले ते ओसरीवरच. बारीक झाल्या होत्या, पण बसल्या होत्या ताठ. त्यांच्या डॉक्टरांनी म्हणे किती दिवस, काय टक्के, असं काही सांगायला सुरुवात केली होती. आक्का त्यांना म्हणाल्या, "आयुष्यभर मी दुसऱ्यांची प्रत ठरवली. माझी ठरवू नका. औषध द्या, दुखणं कमी करा. बाकी बघू." आणि मला ते सांगताना इतक्या हसल्या की खोकला आला.

मी विचारलं, "आक्का, काही राहिलं असं वाटतं का?"

त्यांनी विचार केला. उत्तर द्यायचं म्हणून दिलं नाही, खरंच विचार केला. म्हणाल्या, "अभ्यास अर्धा राहिलाय. तो राहायचाच. लॅबमध्ये नवीन पोरगी आहे, माझ्याहून बारीक नजर आहे तिची. परवा फोन केला तर म्हणाली, मॅडम, फोन नंतर करा, माझं काम चाललंय. इतकं बरं वाटलं, टीचर!" मग आप्पांच्या हातातली वाटी घेतली, त्यात डाळिंबाचे दाणे होते, आणि मला म्हणाल्या, "घ्या. आमच्या झाडाचे आहेत." आम्ही तिघं दाणे खात बसलो. दुपार होती. कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता. मला त्या दुपारी दुःख झालं नाही. आज सांगायला संकोच वाटतो, पण नाही झालं. बरं वाटलं. असं एक माणूस आपल्याला मिळालं, आणि ते समाधानानं बसलंय, आणि आपण त्याच्या शेजारी आहोत, याचं बरं वाटलं.

म्हणून मी आज रडायला आलेले नाही. थोडं रडले, ते जाऊ दे.

आता एक विनंती करते आणि बसते. शोकसभेत आपण उभं राहून शांत राहतो. आज उभं राहायला नको. आप्पांना गुडघ्यांचा त्रास आहे, आणि मघाशी म्हटलं तसं, कुणी कुणाला ओळखायचं कारण नाही. सगळे बसूनच राहूया. डोळे मिटूया.

ज्यांचं मूल आक्कांच्या हातून आलं, त्यांनी मनात त्या मुलाचं नाव घ्यावं.

आणि ज्यांचं आलं नाही. तुम्हीही आला आहात, मला माहीत आहे. आक्का तुम्हाला विसरल्या नव्हत्या. तुम्हीही नाव घ्या. जे ठरवून ठेवलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं, ते.

सुनंदाआक्का, जय जिनेंद्र.

आता कुणी काही बोलू नका.